हिरव्या तुकड्याला कुठला दोरा

११ फेब्रुवारी १९१३, मंगळवार

सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी धुरपदाची गोधडी माझ्या अंगणातून उचलून नेली. वेळ घड्याळात बघून लिहिली आहे. मला म्हातारीला नीट आठवत नाही, असं उद्या कोणी म्हणायला नको.

आज तिचा तेरावा. मागे कोणी नाही, म्हणून मीच केला. ब्राह्मण बोलावले नाहीत. गल्लीतली पोरं बोलावली, तिने देवी टोचलेली. पंगत अंगणात बसली होती, गूळभात वाढत होते, गोधडी दोरीवर उन्हात होती. टीका (लस टोचण्याच्या) खात्याचे नवे मोहतमीम, म्हणजे खात्याचे प्रमुख, दोन शिपाई घेऊन आले. नाकाला रुमाल. "टोचणारणीचं कापड. संसर्ग आहे. जप्त." म्हटलं, ती हिवतापाने गेली. देवी तिला सातव्या वर्षीच येऊन गेली होती, एक डोळा घेऊन. जिवंतपणी कधी तिच्या तोंडाकडे बघितलं असतंत तर कळलं असतं.

रसीद मागितली. हसले. "चिंध्यांची रसीद?"

शिपायाने काठीच्या टोकावर उचलली, साप उचलावा तशी. एक कोपरा वरणाच्या पातेल्यात बुडाला. पोरं जेवायची थांबली. छबीने विचारलं, "आक्काचं पांघरूण कुठं नेलं?" चार वर्षांची आहे. तिची आई, माझी भाची, बाळंतपणातच गेली. तेव्हापासून छबी माझ्याकडे.

राग आला, असं लिहिणार होते.

१२ फेब्रु.

गोदा सकाळी भांडी घासताना म्हणाली, "जाऊ द्या बाई, फाटकी गोधडी ती. कावून जिवाला लावून घेता?" तिला काय सांगणार. तीन वर्षांपूर्वी मीही हेच म्हटलं असतं. म्हटलंच होतं.

धु. ला लिहिता येत नव्हतं. वीस वर्षं माझ्या मागच्या खोलीत राहिली, लशीच्या नळ्या ओल्या फडक्यात गुंडाळून गावोगाव हिंडली, पण अक्षर नाही. आमच्याकडे मूल जगत नसलं की आई पाच घरच्या चिंध्या मागून त्याला अंगडं शिवते. धु. ने ते उलटं केलं. पोर टोचलं की त्याच्याच अंगड्याचा तुकडा मागायची. आयांना वाटे, काही तोडगा असेल. देत. एकेका गावाचा एकेक पट्टा, गल्ली जशी तसे तुकडे. एका टोकाला वडवणीचा रस्ता, दुसऱ्या टोकाला केजचा. आठव्या दिवशी परत जाऊन फोड बघायची. मोत्यासारखा, मध्ये खळगा असलेला फोड आला म्हणजे लस लागली. तो तुकडा लाल दोऱ्याने. नुसताच पू झाला, किंवा काहीच नाही, तर पांढऱ्या दोऱ्याने. पांढरा म्हणजे पुन्हा टोचायचं.

वण दोन्हींचाही राहतो. नंतर दंड बघून कोणाला कळत नाही, म्हणून दोरा.

मी त्याला "धुरपदाबाईंचं दफ्तर" म्हणायची. येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवून हसायची. आज त्याच्याशिवाय कोणापाशी दफ्तर नाही.

१४ फेब्रु., शुक्रवार

कचेरीत गेले. निवृत्त झाल्यापासून पहिल्यांदा शाळेची काळ्या काठाची साडी नेसले. अडीच तास बाकावर.

रजिस्टर मुन्शीजी लिहितात. भला माणूस, पण कणा नाही. रजिस्टर उघडून दाखवलं. प्रत्येक नावापुढे एकच शब्द, 'कामयाब'. म्हटलं, मुन्शीजी, एकही पोर सुटलं नाही? खाली बघून म्हणाले, "बाई, रिपोर्ट महीने के आख़िर में जाती है. आठवें दिन की राह कौन देखे?" म्हणजे टोचलं त्याच दिवशी कामयाब. धु. आठव्या दिवशी कुठल्याशा वाडीत फोड बघत असायची, तेव्हा इकडे शाई वाळलेली असायची.

मो. (मोहतमीम. पूर्ण लिहायचीही इच्छा होत नाही) म्हणाले, "सरकारी दफ्तर कागदावर चालतं, बाई. चिंध्यांवर नाही."

म्हटलं, "कागदही चिंध्यांचाच करतात, साहेब. औरंगाबादेकडे जाऊन बघा."

बाकावरचे दोघे हसले. तेवढंच. गोधडी मिळाली नाही. तोंड चालतं माझं. तोंडाने काय होतं?

१७ फेब्रु.

पारू दूध घेऊन आली. सांगवीची. भांडं ओसरीवर ठेवलं आणि आत आलीच नाही, एरवी चुलीपर्यंत येते.

"बाई, केजच्या रस्त्याला दोन वाड्यांवर दारांना लिंब बांधलाय. पाच घरी आई आल्यात."

आई आल्या म्हणजे देवी निघाल्या; दाराला कडुलिंब ही त्याचीच खूण. विचारलं, कचेरीत कळवलं का कोणी?

"कोन सांगतंय? सांगितलं की लेकरू गावाभाईर झोपडीत टाकत्यात. ल्योक मेला तरी चालंल, पर घरात मरू द्या म्हनत्यात."

तिला झाडलं. अडाणी म्हटलं, मूर्ख म्हटलं, लपवणारे सगळे खुनी आहेत म्हटलं. ऐकून घेतलं बिचारीने. मग म्हणाली, "बाई, तुमच्या छबीला आक्कानं टोचलं न्हवं? मंग तुमी कावून भ्याता?"



२० फेब्रु.

आज धु. चंच आठवतं आहे. तिकडे मन गेलं की जरा थांबतं.

मेंढरांच्या घरची. कमरेला एडक्याच्या गळ्यातली घंटी बांधायची. टोचणारा आला की पोरं पळतात, ही आली की धावत यायची. पिशवीत बाभळीचा काटा. पोराच्या हातात द्यायची आणि स्वतःची बाही वर सारायची. "आदी तू मला टोच. मंग मी तुला. फिट्टंफाट." पोरं जीभ बाहेर काढून मन लावून टोचायची. तिचा दंड बघितला होता मी, आंघोळ घातली तेव्हा, शेवटची. बारीक बारीक ठिपके, खांद्यापासून कोपरापर्यंत. दंडावर जागा उरली नव्हती.

एकदा एका पाटलाचं पोर टोचून झाल्यावर म्हणालं, आता परत माझी पाळी. हिने दुसरा दंड पुढे केला. पाटील म्हणाला, "आक्का, वेडी का काय तू?" तर म्हणाली, "पाटील, सरकार मला पगार देतंय ते टोचून घ्यायचा. टोचती मी फुकट."

पहिल्या वर्षी माझ्याकडे अक्षरं शिकायला बसली होती. मी मदरने मला शिकवलं तसंच शिकवलं. छावणीच्या कॉन्व्हेंटात मदर बोटांवर पट्टी मारायची, मीही मारली. तिसऱ्या दिवशी पाटी पुसून परत दिली. "बाई, माजं बोट सुईला वळतंय, टाकाला न्हाई." मी म्हटलं, मेंढरं राखणारीकडून आणखी काय होणार.

हे मी म्हटलं होतं. लिहून ठेवते.

२२ फेब्रु., शनिवार

छबीच्या दंडाचा वण दहा वेळा बघितला. आज लिहायलाच हवं.

गेल्या कार्तिकात धु. ने छबीला इथे ओसरीवर टोचलं आणि त्याच पावली वडवणीकडे गेली. जाताना म्हणाली, तीन दिवस पानी लागू देऊ नका. मी संध्याकाळी बघितलं तर दंडाला धूळ. ओसरीवरची, बाभळीच्या काट्याची, तिच्या हातांची. मदर म्हणायची, जखम म्हणजे आधी साबण. लाल कार्बोलिक साबणाने तीन वेळा धुतला. अभिमानाने. या अडाण्यांना स्वच्छता कळत नाही म्हणत.

आठव्या दिवशी धु. आली. पू झाला होता. दंड हातात घेऊन बराच वेळ बघितला. वास घेतला, असं वाटलं. मला काही विचारलं नाही. मी काही सांगितलं नाही. छबीच्या हिरव्या खणाच्या परकराचा तुकडा मागितला, दिला. भिंतीकडे तोंड करून शिवत बसली. कुठला दोरा घेतला ते मी बघितलं नाही.

बघता आलं असतं. दोन महिने गोधडी मागच्या खोलीत होती. तेराव्याला दोरीवर मीच वाळत घातली आणि मुद्दाम उलटी बाजू पुढे केली. तेव्हा डोळे झाकले नसते तर आज कोणाच्या बाकावर बसायची गरज नव्हती.

शेवटच्या दिवशी तापात ती गावांची नावं घेत होती, पट्ट्यांच्या क्रमाने, एकेक घर. मी उशाशी बसून वाट बघत होते. आमच्या गल्लीपर्यंत आलीच नाही.

२६ फेब्रु.

पारू दोन दिवस आली नाही. गोदाने दुसरीकडून दूध आणलं.

१ मार्च

पारूच्या नातीला, सगुणेला, देवी. पाच वर्षांची. दंडावर वण आहे. रजिस्टरात 'कामयाब' आहे. आज वरणाला फोडणी दिली नाही. कॉन्व्हेंटात सहा वर्षं शिकलेली बाई देवीला तेलाचा वास जाऊ नये म्हणून फोडणी टाळते. मदर वरून बघत असेल तर बघू दे.

३ मार्च

मुन्शीजींना रस्त्यात गाठलं. म्हटलं, गोधडी कोठीत आहे ना? एकदा आत जा, डावीकडचा खालचा कोपरा बघा, हिरवा खण, दोरा कुठला तेवढं सांगा. इकडेतिकडे बघून म्हणाले, "दरवाज़े तक गया था, बाई. कुंडी पे हाथ भी रखा. हिम्मत नहीं हुई."

"कुणाची भीती? साहेबांची?"

म्हणाले, "मेरे मुन्ने का भी टुकड़ा है उसमें. नीला."

कामयाब स्वतःच्याच हाताने लिहिलं होतं त्यांनी. पोर टोचून रडत होतं, तेव्हाच. त्या रात्री त्याच्या अम्मीने दंडाला हळद चोळली, असं आत्ता सांगतात.

रस्त्याच्या कडेला आम्ही दोघं उभे. बाजारातले लोक बघत गेले.

५ मार्च, बुधवार

बैलगाडी करून सांगवीला गेले. गोदा रडत होती, जाऊ नका म्हणून. छबीला तिच्यापाशी ठेवलं. मला देवी लहानपणी येऊन गेली आहे, धोका नाही. तरी पारूच्या दारावरचा लिंब बघून पाय उंबऱ्यापाशी अडले.

सगुणा केळीच्या पानावर निजवली आहे. चेहरा ओळखू येत नाही. पारू केस न विंचरता बसलेली. मला बघून उठली नाही, नुसतं म्हणाली, "आलात का भांडायला?"

अंगणात बायका जमल्या. मी विचारलं, कोणी कोणी दंड पुसला होता? टोचल्यावर? सगळ्या एका सुरात: "न्हाई बाई. आमी कशाला पुसू? आक्का सांगून गेलती की." दरोग्याला उत्तर द्यावं तसं. माझा शाळेतला आवाज लागला होता, तो मलाच ऐकू आला.

मग सांगितलं. छबीचं. साबण, तीन वेळा. अभिमानाने, हेही. आयुष्यात चारचौघींत चूक कबूल केली नव्हती. मदरसमोरसुद्धा नाही.

एक म्हातारी, दात नसलेली, खुदकन हसली. "साबन? अगं बया! आमी गरीब, आमी राख चोळली."

"मी शेन लावलं."

"आमच्या सासूनं लिंबाचा पाला वाटून चोळला. मी नगं म्हनलं तर मला म्हनली, तू काय डाक्तरीन हायस काय?"

पारू आतून म्हणाली, "मी पदरानं पुसला. नुसत्या पदरानं. लेकरू रडत हुतं म्हनून."

हसल्या आणि रडल्या, एकदमच. वहीत लिहून घेतलं. एका सांगवीतली सतरा नावं. लिहिताना लक्षात आलं, ही धु. ची पांढऱ्या दोऱ्याची मुलं. तिने कोणाला बोल लावला नव्हता. सगळ्यांना म्हणाली होती, माघात नळ्या आल्या की परत येते. माघात तीच नव्हती.

निघताना पारूने गाडीपाशी येऊन विचारलं, "सतरांत माझी सगुणा धरली का?" धरली होती.

६ मार्च. शिवरात्र

उपास. तसाही घास उतरत नाही. सतरा नावांची नक्कल सुवाच्य अक्षरात केली.

८ मार्च

कचेरी. यादी दिली. सगुणा सोडून बाकीच्यांसाठी सोळा नळ्या मागितल्या, आजच्या आज. देवी अंगात शिरायच्या आधी टोचलं तर अजून वेळ आहे, धु. नेहमी सांगायची. मो. नी यादी रजिस्टराशी ताडून बघितली. बोट ठेवत, एकेक नाव. "ही सगळी कामयाब आहेत. ज्यांना टोचलंच नाही त्यांच्यासाठी नळ्या असतात." यादी परत सरकवली.

म्हटलं, मग गोधडी आणा. तिच्याशी ताडा.

"ती जळायची आहे. होळीला. बाकीच्या खराब कापडाबरोबर."

तेव्हा समजलं. त्यांना संसर्गाची भीती नाही. गोधडी आणि रजिस्टर एका मेजावर येण्याची भीती आहे.

तोंडावर बोलले नाही हे. पहिल्यांदाच. तिथून नळ्या यायच्या आहेत.

११ मार्च

सगुणेचा ताप उतरला, असं पारूने निरोप दिला. डावा डोळा उघडत नाही. पारूचा निरोप असा: "आक्काचा बी एकच हुता. तरी सगळ्या मुलखाचं बघितलं तिनं."

सांगवीत आणखी दोन घरी लिंब.

१२ मार्च

छबी जेवली नाही. धु. ची घंटी गळ्यात अडकवून कोपऱ्यात बसली आहे, वाजवत नाही. कपाळ कोमट. ऊन लागलं असेल. दात येत असतील. चार वर्षांच्या पोरीला कसले दात!

पाठ दुखते म्हणते.

१३ मार्च, गुरुवार. सकाळी आठ

ताप आहे. अंगावर अजून काही नाही. खिडकीशी उजेडात नेऊन बघितलं. गळा, पोट, तळवे. काही नाही. पुन्हा बघितलं.

गोदाला सांगितलं, कोणाला बोलायचं नाही. पारूला खुनी म्हणणारी मीच.

आणखी थोपवून धरता येत नाही. खालचा अर्ज लिहिला. मुन्शीजी घरी येऊन घेऊन गेले. "मैं ख़ुद हाथ में दूंगा," म्हणाले. "और नीला भी लिख दो, बाई." लिहिलं. नक्कल इथे ठेवते.

*टीका खात्याच्या मोहतमीम साहेबांस.*

*दि. ११ फेब्रुवारी रोजी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी आपण माझ्या अंगणातून कै. धुरपदाबाई यांची गोधडी रसीद न देता नेली. ती संसर्गाचे कापड नाही. या भागातली कोणती मुलं देवीपासून सुरक्षित आहेत आणि कोणती नाहीत, याची ती एकमेव खरी नोंद आहे. नोंद ठेवणारी बाई मेंढपाळाच्या घरची होती, निरक्षर होती, आणि तिने एकदाही खोटं लिहिलं नाही.*

*मागणी: एक. गोधडी जाळू नये, अखंड परत करावी. दोन. सोबतच्या यादीतल्या सांगवीच्या मुलांपैकी ज्यांना अजून देवी निघालेल्या नाहीत, त्यांच्यासाठी नळ्या त्वरित द्याव्यात. या मुलांचे दंड आयांनी पुसले, हे त्यांनी माझ्यापाशी स्वतः सांगितलं आहे. त्यांना शिक्षा करायची असेल तर आधी मला करावी. मी साबणाने धुतला.*

*गोधडी परत करायला वेळ लागणार असेल तर तोवर फक्त दोन तुकड्यांचं कळवावं. डावीकडच्या खालच्या कोपऱ्यात, आमच्या गल्लीच्या पट्ट्यात, हिरव्या खणाचा चार बोटांचा तुकडा आहे. त्याच पट्ट्यात एक निळा आहे. त्यांचा दोरा लाल आहे की पांढरा. बघायला गोधडी हातात धरावी लागत नाही. काठीच्या टोकावर उचलली तरी दिसेल. तशी सवय आपल्या शिपायास आहे.*

*उत्तर शनिवार, १५ मार्च, दुपारी बाराच्या आत मिळावं. लेखी. सहीशिक्क्यानिशी. तोंडी निरोप घेतला जाणार नाही.*